कोरड्या गोधडीचं श्रेय

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. मोटार जळाली तर मी मोटारीशी भांडतो आणि ती दुरुस्त करणाऱ्याशी वेगळा भांडतो. पण माझी मुलगी नऊ वर्षांची होऊन चौथीत गेली तरी रात्री अंथरूण ओलं करायची, आणि त्यावरून मी तिला एकदाही रागावलो नाही. बायकोला याचं नवल वाटायचं. "पोरीनं पेन्सिल हरवली तं घर डोक्यावर घेता, अना ह्याच्यावर तुमच्या तोंडातून एक शब्द नाई," ती म्हणायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. त्याचं कारण मला माहीत होतं आणि माझ्या आईला माहीत होतं, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल मूग गिळून बसलो होतो.

दवनीवाड्याच्या अलीकडे आमची चार एकर धानाची शेती आहे. घरात चारच माणसं, आई, बायको, मुलगी आणि मी. सकाळी सगळ्यांत आधी मुलगी उठायची. आपली ओली गोधडी गुंडाळून घरामागच्या वाडीत न्यायची आणि तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाच्या पलीकडच्या बाजूला वाळत घालायची. अलीकडच्या बाजूला ऊन चांगलं पडायचं, पण ती बाजू रस्त्यावरून दिसायची. मग न्हाणीत जाऊन अंग धुवायची, दप्तर भरायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहाला येऊन बसायची. मी चहा पिता पिता तिच्याकडे पाहायचो. नऊ वर्षांच्या पोरीला इतकं नीट लपवता यावं, याचं मला फार वाईट वाटायचं.

बायकोनेही हात टेकले नव्हते. बचत गटातल्या कोणीतरी तिला सांगितलं, की काळ्या तिळाचे गूळ घालून लाडू द्या, रोज संध्याकाळी दोन. शिवाय दिवस मावळला की पाणी बंद. त्या वर्षी पोळ्यानंतर आमच्या घरात जे लाडू सुरू झाले ते दिवाळीपर्यंत थांबले नाहीत. मुलगी ते मोठ्या श्रद्धेने खायची. एक कणही खाली पडू द्यायची नाही. पडलाच तर उचलून, फुंकून तोंडात टाकायची.

लाडवांचा काही उपयोग होत नव्हता. गोधडी रोज तणसावर जातच होती.

त्यातच परतीच्या पावसाने दगा दिला. धान निसवत होतं, लोंबी बाहेर पडायची वेळ, आणि बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी नाही. अशा वेळी एक पाणी चुकलं तर लोंबी पोचट जाते. विहिरीत पाणी होतं, मोटार होती, पण शेतीची विजेची लाईन आमच्याकडे एक हप्ता दिवसाची आणि एक हप्ता रात्रीची असते. तो हप्ता रात्रीचा होता. बाराच्या पुढे लाईन यायची. मी फोनला अलार्म लावून उठायचो, बॅटरी घ्यायची, काठी घ्यायची आणि शेतात जाऊन मोटार सुरू करायची.

पहिल्याच रात्री मी चपला शोधत सपरीतून, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीतून, जात होतो. मुलगी तिथे आजीच्या शेजारच्या बाजेवर झोपते. तिने पांघरूण लाथाडलं होतं, गुडघे पोटाशी घेतले होते आणि झोपेतच ती या कुशीवरून त्या कुशीवर होत होती. ती तळमळ मी ओळखली. मी काठी भिंतीला टेकवली, तिला उचललं, न्हाणीत नेलं आणि काखेत हात घालून उभं धरलं. डोळे मिटलेलेच. तिने तिथेच लघवी केली. मी तांब्याभर पाणी टाकलं, तिला परत आणून निजवलं आणि शेतात निघून गेलो. तिला काहीही कळलं नाही. माझ्या खांद्यावर तिच्या केसांतलं खोबरेल मात्र राहिलं.

सकाळी गोधडी कोरडी. घरात सणासारखं झालं. बायकोने लाडवांचा डबा देवाजवळ नेऊन ठेवला.

त्या हप्त्यात मी रोज रात्री शेतात गेलो आणि जाता जाता रोज तिला उचलून नेलं. पुढच्या सोमवारी लाईन दिवसाची झाली. मी रात्री ढाराढूर झोपलो आणि गोधड्या पुन्हा तणसावर गेल्या. बायको म्हणाली, "त्या दुकानदारानं जुना तीळ देल्ला." तिने गोंदियाच्या बाजारातून नवा तीळ आणवला, नवे लाडू वळले, तोवर लाईन रात्रीची झाली आणि पोरगी पुन्हा कोरडी उठू लागली. "पाहा, मी म्हनलं नव्हतं? तीळच खराब होता." मी मान डोलावली. त्या बिचाऱ्या दुकानदाराची मी आजपर्यंत माफी मागितलेली नाही.

त्यानंतर लाईन दिवसाची झाली तरी मी उठायचं सोडलं नाही. फोन उशीखाली ठेवायचा, थरथरला की उठायचं. एकदा बायकोला जाग आली.

"लाईन तं दिवसाची हाय. कुठी चालले जी?"

"रानडुक्कर आले काय पाहून येतो."

पुढे पुढे मला रोजच डुकरं दिसू लागली. त्या मोसमात आमच्या धानाला डुकरांनी तोंडसुद्धा लावलं नव्हतं, पण माझ्या तोंडून त्यांनी अर्धं शेत फस्त केलं.

सांगून का टाकलं नाही, असं कोणी विचारेल. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. मुलगी मोठी झाली होती. मांडीवर बसत नव्हती, हात धरून चालत नव्हती, बाजारात मी पुढे आणि ती चार पावलं मागे. रात्रीची ती पाच-दहा मिनिटं सोडली तर तिला उचलून घ्यायला मला दुसरा वेळ नव्हता. तिचं डोकं खांद्यावर टेकलं की दिवसभराचा माझा राग कुठल्या कुठे जायचा. शिवाय तोंड उघडलं असतं तर "तुमाले कसं समजते, तिले कवा होते ते?" हा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

असा महिना गेला. पोरगी बदलली. सकाळी उशिरापर्यंत लोळू लागली, चहा गार झाला म्हणून आईशी भांडू लागली. गावातल्या पोरींना ती स्वतः सांगत सुटली की मी आता चांगली झाले. दिवाळी आली तशी म्हणाली, "मी मामाच्या गावच्या मंडईले जाईन."

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक. घर घर पाहुण्यांनी भरतं, आणि पोरांना झोपायला तणस पसरून त्यावर ताडपत्री आणि चादर, की एका ओळीत दहा पोरं. मामाचं गाव केशोरीकडे. आधीची दोन वर्षं मंडईच्या दिवशी मुलीचं पोट दुखायचं. या वर्षी तिने स्वतः पिशवी भरली. नवा फ्रॉक, रिबिनी, लाडवांचा डबा.

माझं हलकं, लवकर येणारं धान कापून बांधीत पडलं होतं. ते टाकून मला जाता येत नव्हतं. मायलेकी एसटीत बसल्या तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. निदान बायकोच्या कानात सांगायचं, की रात्री एकदा उठवशील. मी नाही बोललो. महिनाभर कोरडी राहिली, आता शरीराला सवय झाली असेल, असं मी मनाशी म्हटलं. माझीच थाप मला खरी वाटायला लागली होती. पोरीने खिडकीतून हात हलवला, मीही हलवला.

पहिल्या रात्री नाटक होतं, पोरं पहाटेपर्यंत झोपलीच नाहीत. दुसऱ्या रात्री सहा पोरी एका ओळीत झोपल्या. सकाळी बायकोचा फोन आला.

"ओलं केलं वो तिनं. बाजूच्या पोट्टीच्या फ्रॉकपर्यंत गेलं. वयनी म्हनाली, पान्याचा गुंड सांडला असन, पन पोट्ट्याईनं आयकलं नाई. आंगनात हासत हासत सांगत फिरले. दोन दोन लाडू खाल्ले होते वो तिनं. कसं झालं कोन जाने."

"रडली काय?"

"नाई. बोलूनच नाई राहिली."

मी कापलेल्या बांधीत उभा होतो. हातातला विळा खाली ठेवला आणि तिथेच बसलो. मजूर बायांना वाटलं मला भोवळ आली.

दोघी परत आल्या. मुलीने डबा आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "मले आता लाडू नोको." संध्याकाळी तिने युरियाची एक रिकामी प्लास्टिकची चुंगडी शोधली, विळ्याने ती दोन बाजूंनी फाडून मोठी केली, धुतली, आणि आपल्या गोधडीखाली अंथरली. कोणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारनंतर पाणी पिणं तिने सोडलं. ओठ सुकायचे, त्यांवर जीभ फिरवायची, पण पाणी नाही. माझी आई तिच्यामागे तांब्या घेऊन फिरायची. रात्री मी उचलायला गेलो की चुंगडी कर्रकन वाजायची आणि माझा हात मागे यायचा. मी तिला उचलायचं बंद केलं. आता कोणत्या तोंडाने उचलू?

चारेक दिवसांनी दूध घालायला गेलो तेव्हा तिच्या शाळेच्या मॅडम भेटल्या. तालुक्याच्या खेळांसाठी खो-खोची टीम निवडली होती, डिसेंबरात दोन रात्री मुक्कामी जायचं होतं. "तुमची मुलगी नसेल तर आमची टीमच नाही, भाऊ. आणि ती नाही म्हणते. विचारलं तर म्हणते, पाय दुखतो."

घरी येईपर्यंत माझ्या कानात ते 'पाय दुखतो' वाजत राहिलं. पुढचं सगळं मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आज खो-खो, उद्या सहल, परवा मैत्रिणीचं लग्न. प्रत्येक वेळी पाय दुखणार, पोट दुखणार, आणि शेवटी लोक म्हणणार, हिला कुठे जायला आवडतच नाही. मी असा एक माणूस ओळखत होतो.

रविवारी ती माझी शिदोरी घेऊन शेतात आली. आम्ही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलो. शिदोरी सोडायच्या आधीच मी सांगायला लागलो.

"तू लाडवानं कोरडी नव्हती राहत. मी रात्री तुले उचलून नेत होतो. न्हानीत."

मला वाटलं ती हसेल. तिचा काही दोष नाही, हे तिला समजेल आणि जीव भांड्यात पडेल. ती माझ्याकडे पाहत राहिली.

"रोज?"

"रोज."

"मंडईले तुमी नव्हते."

"नव्हतो."

तिने शिदोरी बाजूला सारली. मग म्हणाली, "मंग मले जागी काऊन नाई केलं?"

"तू झोपून राहिली होती, माय..."

"म्हनून तं जागी करा लागत होतं!" ती उभी राहिली. "मले वाटलं मी चांगली झाली. मी सगळ्याईले सांगतलं. तुमाले माहीत होतं अना तुमी चूप राहिले!"

माझ्याशी घरात कोणी असं बोलत नाही. पण पोरगी खरं बोलत होती. मी तिच्यासाठी सगळं केलं होतं, फक्त तिचं तिला करू दिलं नव्हतं. आणि वरून मायेचं सुख मी घेत होतो. ती धानाच्या खुंटांतून तरातरा निघाली. मी मागे धावलो.

"थांब. अखीन एक सांगाचं हाय."

ती थांबली, पण तोंड फिरवलं नाही. मी तिच्या पाठीशी बोललो. सांगितलं, की मीही करायचो. अकरा वर्षांचा होईपर्यंत. तुझी आजी सगळ्यांच्या आधी उठून माझी गोधडी उचलायची आणि कोणी विचारलंच तर म्हणायची, मांजर मुतली. सहावीत माझी तालुक्याला कबड्डीसाठी निवड झाली होती. मी सांगितलं, माझा पाय दुखतो. मग सहलीला गेलो नाही, कोणाच्या लग्नात मुक्कामी राहिलो नाही, आणि पुढे सगळं थांबलं तरी मंडईला कधी गेलोच नाही. लोकांना वाटतं मला गर्दी आवडत नाही.

ती वळली. "आईले माहीत हाय?"

"नाई."

"आजीले?"

"फक्त आजीले. अना आता तुले."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पायांपासून वरपर्यंत.

"पाय खरंच दुखत होता काय?"

"नाई."

"माझाबी नाई दुखत," ती म्हणाली. मग परत येऊन धुऱ्यावर बसली आणि शिदोरीतला कांदा तिने स्वतः फोडून माझ्यापुढे ठेवला.

त्या रात्री बायकोला मी उचलून नेण्याचं सांगून टाकलं. दुसरं मात्र सांगितलं नाही. तिने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी माझ्या ताटाशेजारी लाडवांचा डबा आदळला. "तुमीच खा आता. डुकराच्या मांगं धावाले ताकद पाह्यजे." ते सगळे लाडू मी खाल्ले. गुन्हा केला होता, शिक्षा गोड होती.

मग आम्ही तिघं सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण वयाने लहान होती, पण तिने प्रश्न असे विचारले, जे आम्हाला कधी सुचलेच नव्हते. शाळेत लघवीला किती वेळा जाते? मुलगी म्हणाली, जातच नाही. संडासाला कुलूप असतं, किल्ली ऑफिसात, आणि तिथे सर बसतात. मग पाणी किती पिते? पीतच नाही, प्यायलं तर लागते ना. पोट साफ होतं का? दोन-तीन दिवसांआड. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. दिवसभर कोरडी राहायची, मंडईआधी शाळा सुटली की सगळं पाणी एकदम, आणि आता तेही बंद, असं चाललं होतं. त्या म्हणाल्या, सकाळपासून थोडं थोडं पाणी प्यायचं, दर सुटीत लघवीला जायचं, भाजी खायची, झोपण्याआधी जाऊन यायचं, आणि तहान लागली तर संध्याकाळीही पाणी तोडायचं नाही. कोणी रागवायचं नाही, कारण कोणाची चूक नाही. काही मुलांचं शरीर हे उशिरा शिकतं.

"पुष्कळदा हे घराण्यात असतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यात कोणाला होतं का लहानपणी?"

बायको म्हणाली, "माह्याकडं तं नाई." मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"आठवत नाई," मी म्हणालो.

मुलीने मान खाली घातली आणि आपल्या चपलेचा पट्टा नीट करत बसली.  येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती, आणि मला तिच्या शेजारी बसायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. इतक्या महिन्यांनी माझ्या रागाला एक योग्य जागा मिळाली होती. किल्लीसाठी मी असा भांडलो की अर्ध्या तासात वऱ्हांड्यात, पोरींचा हात पोचेल अशा उंचीवर खिळा ठोकला गेला आणि किल्ली त्याला अडकली. मॅडम नंतर म्हणाल्या, हे मीच चार वेळा सांगून थकले होते. पण मिशी लागते.

रात्रीचं काम त्याहून अवघड निघालं. आता तिला उचलायचं नाही, जागं करायचं, असं आमचं ठरलं होतं. आणि ती जागी होत नव्हती. हाका मारा, गदागदा हलवा, बसवा, ती बसल्या बसल्या झोपायची. जागी झाली की रडायची, "सोडा नं बाबा," म्हणायची. उचलून नेणं किती सोपं होतं! माझा हात पुन्हा पुन्हा तिच्या पाठीखाली जायचा आणि मी तो ओढून घ्यायचो. तिने स्वतः म्हणायचं होतं, "जागी हाय," आणि स्वतःच्या पायांनी चालत जायचं होतं. मी मागून बॅटरी धरायचो, बस. कधी पायरीवर बसून झोपी जायची, कधी आम्ही न्हाणीत पोचायच्या आधीच व्हायचं. तेव्हा ती कपडे बदलायची आणि मी खाली पाणी टाकायचो. आजी अंथरुणातून म्हणायची, "होऊ दे, माय. वाळते ते."

महिनाभरात ती एका हाकेला उठू लागली. सगळ्या रात्री कोरड्या नव्हत्या, पण गोधडी आता तणसाच्या अलीकडे, उन्हाच्या बाजूला वाळत पडायची. खेळांचे दिवस जवळ आले तेव्हा एकदा चहाच्या वेळी तिने सांगून टाकलं, की मी जाणार.

मला राहवलं नाही. "अना तिथं झालं तं?"

"होईन तं होईन. मी मॅडमले सांगून ठेवलं हाय, रात्री मले उठवा म्हनून."

"तू सांगतलं? स्वतः?"

"मंग कोन सांगन?" ती म्हणाली आणि खारी चहात बुडवली.

त्या दोन रात्री मी इकडे डोळ्याला डोळा लावला नाही. बायको म्हणाली, "जा, डुकरं पाहून या." मुलगी परत आली तेव्हा गुडघा फुटलेला, घसा बसलेला. टीम दुसरी आली होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "एक रात कोरडी, एक रात थोडंसं झालं. चादर बदलली अना झोपली." इतकंच. मंडईहून परतलेली पोरगी आणि ही पोरगी एकच आहे, हे पटायला मला वेळ लागला. मी गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिलो, कारण डोळे भरून आले होते आणि माझी ती सवय घरात कोणाला माहीत नाही.

शनिवारी दूध घालायला गेलो. मॅडम होत्या, बरोबर दुसऱ्या गावच्या एक मॅडम. दोघी माझ्याकडे पाहून पदराआड हसल्या.

"भाऊ, तुमचं ऐकलं आम्ही."

मुक्कामाच्या दुसऱ्या सकाळी दुसऱ्या गावच्या एका लहानशा पोरीचं अंथरूण ओलं निघालं होतं. तिसरीतली पोरगी. ती कोपऱ्यात तोंड घालून बसली, मैदानावर यायला तयार नाही. सगळ्या मॅडम समजावून थकल्या. तेव्हा माझी लेक जाऊन तिच्याजवळ बसली आणि सांगू लागली, की माझे बाबा आहेत ना, एवढ्या मोठ्या मिशीचे, ज्यांना सगळं गाव भितं, तेसुद्धा अकरा वर्षांचे होईपर्यंत. "झोपायच्या वर्गात चाळीस पोरी होत्या, भाऊ. सगळ्यांनी ऐकलं," मॅडम म्हणाल्या.

माझे कान तापले. तीस वर्षं. आईने तीस वर्षं ब्र काढला नव्हता, बायकोला सुगावा लागू दिला नव्हता, आणि या पोरीने दोन दिवसांत ते तालुकाभर वाटून टाकलं. मी गाडी तशीच दामटली, दुधाची बरणी हँडलला आपटत होती. अंगणात शिरताच ओरडलो, "तू कोनाकोनाले सांगतलं?"

बायको ओल्या हातांनी बाहेर आली. आई सपरीतून उठून उभी राहिली. मुलगी दोरीवरचे कपडे काढत होती. ती घाबरली नाही. कपडे खांद्यावर टाकले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ती रडून राहिली होती, बाबा. मी पयले माझंच सांगतलं. तरी चूप नाई झाली. मंग तुमचं सांगतलं. तवा झाली."

मी गाडी स्टँडला लावली.

"काय सांगतलं वं?" बायकोने विचारलं. पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर पाहिलं होतं, तसंच. आईनेही माझ्याकडे पाहिलं, आणि मग दुसरीकडे तोंड केलं.

मग मी सांगितलं. भर अंगणात, बायकोच्या तोंडाकडे पाहून. अकरा वर्षं म्हणालो, गोधडी म्हणालो, मांजर म्हणालो, कबड्डीही सांगितली. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आईने पदराने डोळे पुसले. बायको जवळ आली, हँडलवरची दुधाची बरणी काढून घेतली, आणि तिचा ओला हात थोडा वेळ माझ्या मनगटावर राहिला.

"ती पोट्टी मंग खेळाले आली काय?" मी मुलीला विचारलं.

"आली नं," ती म्हणाली. "तिच्याच टीमनं तं आमाले हरवलं."